मिठाचं रीळ

डबा उघडला तेव्हा आधी वास आला,
व्हिनेगरचा, शनिवारी रात्री चिप्सच्या दुकानाबाहेर येतो तसा.
फिल्म मरते ती अशीच: आधी आंबते, मग आक्रसते,
मग तिच्या अंगावर पांढरे स्फटिक धरतात.
मी हातमोजे घातले. खिडकीबाहेर
उत्तर वेल्सचा पाऊस, स्लेटच्या ढिगाऱ्यांवर, आडवा.

सोळा मिलिमीटर. साल छत्तीस. अकरा मिनिटं.
पाद्री तेगिद पॅरी यांनी उसन्या कॅमेऱ्यानं
बंद पडलेल्या खाणीत सदोम उभं केलं.
लोट म्हणजे पोस्टमन. बूट त्याचे सरकारी.
देवदूत दोघे, खाणीतलेच,
धुवट पांढरे सदरे, पण नखांत राखाडी धूळ तशीच.
आणि बायको:
मॉर्विद, कपडे शिवणारी. हे मला चॅपलच्या वहीतून कळलं.
पाटीवर नुसतं ‘लोटची बायको’.
ग्रंथानंही तिला नाव दिलेलं नाही,
तेव्हा पाद्र्याला काय बोलायचं.

वीस वर्षं मी हेच शिकवते, ग्रंथ आणि पडदा.
वर्गात विचारते: या वचनात कॅमेरा कुठे ठेवाल?
मूळ हिब्रूत मोजून सहा शब्द.
बायकोनं पाहिलं, त्याच्या मागून. झाली मिठाचा खांब.
म्हणजे ती मागे, तो पुढे,
आणि त्याला वळून बघायची बंदी.
मग तिला वळताना पाहिलं कुणी?
या प्रश्नाला मुलं मोबाइलमधून मान वर करतात.
माझ्या नोकरीतला तेवढाच एक चमत्कार.

पाद्री पॅरींनी कॅमेरा सदोमातच ठेवलाय.
सगळे आपल्याकडे पाठ करून निघालेत,
पोरी, गाठोडी, पोस्टमनची घाई.
जळणाऱ्या गावात मागे उरलेत ते आपण,
आणि ती वळते ती आपल्याकडे.
चेहरा येतो, येतोय, आणि नेमके तिथेच
स्फटिक.
बारा फ्रेम, तोंडभर पांढरे.
मी खुर्चीतून उठले, चहा केला, प्यायले नाही.
शोधनिबंधाचं शीर्षक आपणहून सुचलं होतं
आणि मला त्याची लाज वाटत होती.

मार्चमध्ये इद्वाल भेटला. वृद्धाश्रम, अठ्ठ्याऐंशी वर्षं,
एका कानानं ऐकणारा.
लॅपटॉपवर त्यानं ते तीनदा बघितलं.
‘एलुनेड,’ म्हणाला, ‘तुझे ते पाप, मोह, जुन्या गावाची ओढ,
सगळं छान आहे.
पण मी घसरलो होतो.
कॅमेऱ्याच्या मागे आम्हा पोरांना गप्प बसवलं होतं,
मी ढिगाऱ्यावर चढलो, पाचेक वर्षांचा, गुडघा फुटला,
आणि बोंब ठोकली.
फिल्मला आवाज नव्हता. पाद्र्याची सोय झाली.
म्हणाला, झकास वळलीस, राहू दे, रीळ महाग आहे.’

‘तुमची आई होती का ती?’

‘कुणीच नव्हती. रस्त्यापलीकडची.
एकदा आमच्याकडे जेवली असेल.’

तर खाल्ल्या मिठाला जागली, असं म्हणू?
की हेही पुन्हा मीच तिच्या तोंडी घालते आहे,
जसं त्यांनी, जसं सगळ्यांनीच?
एक हाक आली. मान वळली.
हाकेआधी कोणती आज्ञा होती
ते मानेला आठवायला वेळ मिळाला नाही.

प्रयोगशाळेचा फॉर्म टेबलावर पडून आहे.
‘फ्रेमवरचे स्फटिक पुसायचे का? हो / नाही.’
पुसले तर खाली चेहरा असेल,
किंवा नुसती खरवडलेली काच.
तंत्रज्ञ सांगतो, खात्री नाही, आणि उशीर करू नका.

मी अजून खूण केलेली नाही.

निघताना इद्वालनं पायजमा वर सरकवला होता,
नर्स रागावली तरी.
गुडघ्याच्या कातडीखाली
स्लेटची एक निळी कपची,
त्र्याऐंशी वर्षं तिथेच.
‘हात लाव,’ म्हणाला, ‘दुखत नाही.’